न्हाणीघराच्या भिंतींवरील जुना गिलावा

भिंतीवरून निखळून पडलेली टाइल सामान्यतः केरात टाकली जाते. टाकण्यापूर्वी ती एकदा उलटी करून पाहिली, तर भिंतीच्या रोगाचे निदान पुष्कळदा तिच्या पाठीवरच लिहिलेले आढळते. पाठ कोरी व स्वच्छ असेल, तर टाइल व तिच्यामागील सिमेंटचा माल यांचे कधी जुळलेच नव्हते: माल अर्धवट सुकल्यावर टाइल दाबली गेली असेल, किंवा पाणी शोषणारी टाइल न भिजवता लावली गेली असेल. पाठीला मालाचा थर घट्ट चिकटलेला असून त्या थराची मागील बाजू गुळगुळीत, प्रसंगी जुन्या डिस्टेंपरचा फिकट हिरवा रंग घेऊन आलेली असेल, तर माल रंगावरच थापला होता हे उघड आहे. तिसरा प्रकार अधिक बोलका असतो. टाइल, तिच्यामागे माल, मालामागे जुना गिलावा आणि त्याच्याही मागे विटेची तांबडी भुकटी, असा सारा ऐवज एकत्रच खाली येतो. येथे टाइल व माल यांनी आपले काम चोख बजावलेले असते. जो जुना गिलावा पक्का समजून जागेवर ठेवला, त्यानेच विटेला सोडलेले असते.

टाइल लावलेली भिंत ही अशा रीतीने एकावर एक चढविलेल्या थरांची रचना होय. प्रत्येक नवा थर मागच्या थराच्या आधाराने लटकत असतो आणि त्यांतील सर्वांत दुबळा सांधा जेवढा भार पेलील, तेवढाच भार एकंदर रचना पेलते. पूर्वी प्रचारात असलेली १५ सेंटिमीटर चौरस पांढरी टाइल हलकी होती. ती कमरेपर्यंत किंवा फार तर खांद्यापर्यंत लावीत. आता गुजरातेतील मोरबी येथून येणाऱ्या टाइल ६० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर लांबही असतात आणि त्या छतापर्यंत चढविल्या जातात. सुमारे १ सेंटिमीटर जाडीच्या अशा टाइलचे वजन दर चौरस मीटरला २० किलोग्रॅमच्या घरात जाते. डोक्याच्या वर लटकणारा हा भार चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गिलाव्यावर सोपवावा की नाही, हा प्रश्न टाइलचा रंग निवडण्याच्या अगोदरचा आहे.

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडत नाही, कारण भिंती एका जातीच्या नाहीत. दिल्लीत तर हा भेद विशेष ठळक आहे. शाहजहानने १६३९ मध्ये ज्या नगराची पायाभरणी केली, त्या जुन्या शहरातील हवेल्यांच्या भिंती लाखोरी नावाच्या पातळ, चपट्या विटांच्या असून सांध्यांत व गिलाव्यात चुना आणि सुरखी म्हणजे विटांची पूड वापरलेली असते. फाळणीनंतर वसलेल्या लाजपतनगर, राजेंद्रनगर यांसारख्या वसाहतींत आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिकांत सिमेंटचा गिलावा आहे. त्यांतील न्हाणीघराची आतली भिंत बहुधा अर्ध्या विटेची, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर जाडीची असते. बदरपूर या नावाने ओळखली जाणारी तांबूस, टोकदार कणांची वाळू अनेक वर्षे येथील गवंड्यांच्या हाताखालून गेली. अरवलीच्या क्वार्टझाइट दगडापासून मिळणाऱ्या या वाळूने गिलाव्याला चांगली पकड येई. यमुनेची वाळू त्या मानाने बारीक. तिच्यात मातीचा अंश राहिला, तर गिलावा नखानेही खरवडतो.

दिल्लीच्या घरांत आणखी एक थर भेटतो. भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून सिमेंटच्या गिलाव्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा, बोलीभाषेत पीओपीचा, पातळ लेप देण्याची पद्धत येथे रूढ आहे. राजस्थानात जिप्समच्या खाणी असल्याने हा माल उत्तरेत सहज मिळतो. जोवर टाइल खांद्यापर्यंतच होत्या, तोवर वरच्या कोरड्या भिंतीवरील या लेपाने कोणाचे बिघडत नव्हते. टाइल छतापर्यंत नेण्याची चाल पडली आणि तो लेप अनेक ठिकाणी तसाच खाली दबला गेला. जिप्सम पाण्याने मऊ पडते हा एक दोष. त्याहून मोठा दोष असा की, ओलाव्याच्या सान्निध्यात जिप्सममधील सल्फेट व सिमेंटमधील अ‍ॅल्युमिनेट यांच्या संयोगाने एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. त्यांना जागा अधिक लागते आणि ते दोन थरांना एकमेकांपासून दूर लोटतात. टाइलखाली पीओपीचा लेप कोणत्याही सबबीवर राहू देऊ नये. रंग, डिस्टेंपर व साबणाचा जुना तेलकट थर यांनाही तोच न्याय लागू होतो.

उरला प्रश्न गिलाव्याचा. तो सर्वच्या सर्व पाडावा की सैल तेवढाच काढावा, याचा निर्णय डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक चांगला होतो. लहान हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंतीवर वीतभर अंतरावर हलके ठोके मारीत जावे. विटेला धरून असलेला गिलावा खणखणीत, आखूड आवाज देतो. सुटलेला गिलावा बद्द बोलतो. बद्द बोलणाऱ्या जागेभोवती खडूने रेघ ओढावी आणि सारी भिंत अशी तपासून झाल्यावर मागे सरून एकदा पाहावे. खडूची वर्तुळे तुरळक व परस्परांपासून दूर असतील, तर तेवढेच तुकडे काढून भरणे पुरते. ती नळांच्या रेषेने, मोरीच्या कडेने किंवा खिडकीखाली दाटलेली दिसली, तर प्रथम पाण्याची वाट शोधावी लागते. आणि भिंतीचा निम्म्याच्या आसपास भाग खडूने व्यापला, तर उरलेला भाग वाचविण्याचा लोभ धरू नये. ठिगळ लावलेल्या गिलाव्यात जुन्या-नव्याच्या कडा पुढे भेगा देतात. शिवाय सुटलेला भाग पाडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी शेजारचा भागही सैल होत जातो. सकाळी खणखणीत वाजलेली जागा संध्याकाळी बद्द वाजते, असा अनुभव गवंड्यांना नवा नाही. म्हणून काम संपल्यावर ठोक्यांची परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी. ही दुसरी परीक्षा फार थोडे लोक घेतात.

आवाजाच्या जोडीला आणखी दोन साध्या परीक्षा आहेत. खिळ्याच्या टोकाने जोर लावून ओढलेली रेघ चकाकणारा पांढुरका चरा उठविते, तोवर गिलावा कठीण आहे; खिळा खाली रुतून वाळू झरू लागली, तर तो वरून कितीही सपाट दिसला तरी निरुपयोगी समजावा. दुसरी परीक्षा पाण्याची. ओंजळभर पाणी भिंतीवर शिंपडल्यावर ते थेंब धरून ओघळले, तर पृष्ठभागावर रंगाचा किंवा तेलाचा थर आहे. शोषले गेले, तर नवा माल तेथे पकड घेईल.

प्रत्यक्ष पाडकामाच्या तयारीत विजेचा प्रवाह बंद करणे व पाण्याचा मुख्य नळ फिरविणे ही कामे सर्वांना सुचतात. मोरीच्या व शौचकूपाच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा बसविण्याचे मात्र राहून जाते आणि मग आत गेलेली वाळू व खडे खालच्या वळणात बसून काही आठवड्यांनी शेजाऱ्याच्या छतावर ओल उमटते. भिंतीतून गेलेल्या लोखंडी नळांचा मार्गही अगोदर खडूने आखावा. जुन्या जस्ती नळांना बाहेरून गंज खात असतो आणि कित्येकदा सभोवतीचा गिलावाच त्यांना सावरून असतो. छिन्नीचा एक ठोका, आणि नळ दोन ठिकाणी फुटतो.

पाडकाम वरून खाली करावे. खालून सुरुवात केली की वरचा सैल पापुद्रा आधार सुटून एकदम, मोठ्या पाट्यासारखा, काम करणाऱ्याच्या अंगावर येतो. बद्द वाजणाऱ्या एखाद्या जागी प्रथम विटेपर्यंत खाच पाडून कड मोकळी करून घ्यावी. त्यानंतर रुंद पात्याची छिन्नी भिंतीशी जवळजवळ समांतर धरून ती गिलावा व वीट यांच्या फटीत सरकवावी. भिंतीवर काटकोनात ठोके मारणे ही नवशिक्याची खूण. त्याने गिलाव्याऐवजी विटेचा चेहरा फुटतो. विटेची भट्टीत भाजलेली कठीण कातडी गेली की आतला ठिसूळ भाग उघडा पडतो आणि नव्या गिलाव्याला जुन्यापेक्षाही वाईट आधार मिळतो. विजेवर चालणारी फोडयंत्रे हल्ली सर्रास वापरली जातात. जाड बाह्य भिंतीवर ती हलक्या हाताने चालविण्यास हरकत नाही. अर्ध्या विटेच्या भिंतीवर मात्र त्यांचा हादरा पलीकडच्या खोलीत जातो. तेथील गिलाव्याला तडे पडतात आणि सांधे ढिले होऊन विटा हलू लागतात. असे काम दिवसाचे अर्ध्या दिवसात उरकते, हे खरे. पुढे भिंतच दुरुस्त करावी लागली, तर वाचलेल्या वेळाचा हिशेब उलटा होतो.

या साऱ्यात सर्वांत मोठा धोका छिन्नीचा किंवा विजेचा नसून धुळीचा आहे. वाळूत स्फटिकरूप सिलिका असते आणि विटेतही ती असते. गिलावा फोडताना तिचे जे अतिसूक्ष्म कण उडतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यांमुळे जडणाऱ्या सिलिकोसिस या रोगावर उपाय सापडलेला नाही. दिल्लीला या रोगाची ओळख अगदी जवळून झालेली आहे. शहराच्या दक्षिणेला बदरपूरजवळ लाल कुआँ नावाची वस्ती आहे. तेथे दगड फोडण्याची यंत्रे चालत. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती यंत्रे बंद करून हरियाणातील पाली येथे हलविण्याचे ठरले. यंत्रे गेली, परंतु त्यांवर राबलेल्या माणसांच्या छातीत बसलेली धूळ त्यांच्याबरोबर राहिली. वस्तीत श्वासाच्या रोगाचे बळी त्यानंतरही पडत राहिले. दिल्लीच्या परिसरातील दगड, वाळू व खडी ज्या श्रमातून आली, तिचा हा दुसरा अध्याय होय आणि जुना गिलावा फोडणारा बिगारी तीच धूळ पुन्हा मोकळी करीत असतो. न्हाणीघराची खोली लहान, खिडकी हातभर आणि दार शेजारच्या खोल्यांत धूळ जाऊ नये म्हणून लावून घेतलेले, अशा परिस्थितीत धुळीची घनता उघड्या जागेपेक्षा कितीतरी अधिक होते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा हे सूक्ष्म कण अडवीत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, धुळीसाठी बनविलेला मुखवटाच हवा. भिंतीवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारीत राहावे, खिडकीत बाहेर वारा फेकणारा पंखा ठेवावा आणि राडारोडा कोरड्या झाडूने झाडू नये. ओला करून फावड्याने उचलावा. या गोष्टींचा खर्च एका टाइलपेटीच्या किमतीएवढाही क्वचितच होतो. तो घरमालकाने करावयाचा आहे, रोजंदारीवर आलेल्या मजुराने नव्हे.

गिलावा उतरल्यावर उघडी पडलेली वीट बरेच काही सांगते. तिच्यावर पांढरी, खारट, पिठासारखी भुकटी दिसली, तर भिंतीला लोणा लागला आहे. उत्तरेत यालाच नोना म्हणतात, आणि दिल्लीच्या गवंड्याच्या तोंडी शोरा हा शब्दही येतो. दिल्लीच्या अनेक भागांतील, विशेषतः नजफगढकडील भूजल खारे आहे. विटेची माती, वाळू, कालविण्याचे पाणी व जमिनीतून चढणारी ओल, यांपैकी कोणत्याही वाटेने क्षार भिंतीत शिरतात. पाण्यात विरघळलेले असताना ते निरुपद्रवी असतात. पाणी पृष्ठभागाशी येऊन उडून गेले की ते स्फटिकरूप धारण करतात आणि विटेच्या छिद्रांत वाढता वाढता तिचाच भुगा करतात. अशा भिंतीवर लगेच नवा गिलावा चढविल्यास तोही काही वर्षांत पोपडे धरून सुटतो. वर टाइल असेल, तर पोपडे दिसत नाहीत एवढाच फरक. पाण्याने धुतल्याने क्षार पुन्हा विटेतच उतरतात, म्हणून प्रथम कोरड्या ताठ ब्रशने भुकटी खरवडून ती गोळा करून बाहेर न्यावी. ओलीचे मूळ बंद करावे. मग भिंत वाळू द्यावी आणि भुकटी पुन्हा उमटली तर पुन्हा खरवडावी. सांधे सुमारे एक सेंटिमीटर खोल कोरून काढावेत, म्हणजे नव्या मालाला त्यांत दात रोवता येतात. काँक्रीटच्या खांबावर व तुळईवर सांधे नसतात. तेथे छिन्नीने टोचून पृष्ठभाग खडबडीत करावा लागतो आणि वीट व काँक्रीट जेथे मिळतात त्या रेषेवर तारेची जाळी ठोकावी लागते.

जुन्या शहरातील चुन्याच्या भिंतींविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण सिमेंटच्या भिंतीला जे मानवते ते त्यांना मारक ठरते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही थोडा लवचीक व सच्छिद्र राहतो. भिंतीतील ओल त्याच्यातून बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा कठीण, दाट व ताठर असतो. मऊ भिंतीवर तो चढविला की आतली ओल अडते, क्षार त्याच्या पाठीमागे साठतात आणि शेवटी गिलावा सुटतो तो लाखोरी विटेचा चेहरा ओरबाडूनच. नवा थर मागच्या थरापेक्षा अधिक कठीण नसावा, हा गवंडीकामातील जुना नियम येथे प्रत्ययास येतो.

हा नियम मोडल्याचे आणि तो पुन्हा पाळल्याचे मोठे उदाहरण याच शहरात आहे. हुमायूनची कबर सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात उभी राहिली. चुना, दगड व रंगीत झिलईच्या टाइल हे तिचे साहित्य. विसाव्या शतकात गळती थांबविण्यासाठी व दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर सिमेंट चढत गेले. गच्चीवर एक थर फुटला की दुसरा, असे थर साचले. आगाखान सांस्कृतिक न्यास व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी हाती घेतलेले आणि २०१३ मध्ये पूर्ण झालेले संवर्धनकार्य नवे काही जोडण्यापूर्वी असा जुना थर उतरविण्यापासून सुरू झाले. गच्चीवरून सुमारे दहा लाख किलोग्रॅम सिमेंट काँक्रीट हलविण्यात आले, आणि तेही यंत्राने न फोडता हातांनी, कारण हादरे खालच्या बांधकामाला सोसले नसते. सिमेंटच्या जागी पुन्हा चुना आला. त्यानंतरच गच्चीवरील छत्र्यांच्या टाइलकडे वळता आले. झिलईच्या टाइल बनविण्याची ती विद्या येथे लोपली होती. म्हणून उझबेकिस्तानातील कारागीर बोलावून निजामुद्दीन बस्तीतील तरुणांना ती शिकविण्यात आली. या कामात एक बंधन कटाक्षाने पाळले गेले: जुनी टाइल जागेवर असेल, तर तिची झिलई उडालेली असली तरी ती काढावयाची नाही. नव्या टाइल केवळ रिकाम्या जागी बसल्या.

जवळच्याच चौकातील सब्ज बुर्ज या इमारतीने आणखी एक गोष्ट दाखविली. ब्रिटिश अमदानीत तिच्यात काही काळ पोलीस ठाणे होते. २०१७ नंतर तिचे संवर्धन होत असताना नंतरच्या लेपांखालून घुमटाचे चित्रांकित छत उजेडात आले. घाईने खरवडले असते, तर ते लेपांबरोबरच गेले असते. हवेलीतील न्हाणीघरात सोनेरी छत सापडेल असे नाही. परंतु चुन्याच्या जुन्या गिलाव्याखाली रंगीत पट्टी, कोनाडा किंवा घोटीव चुन्याचा आरशासारखा पृष्ठभाग लाभण्याचा संभव असतो. तेव्हा अशा घरात पहिली छिन्नी दर्शनी भागावर न लावता कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेवर लावावी आणि थरामागून थर उलगडून पाहावे.

भिंत स्वच्छ व कोरडी झाल्यावरचे काम पाडकामाच्या मानाने सरळ आहे. विटा भिजवून ओळंब्यात नवा गिलावा करावा, तो रंध्याने खरखरीत ठेवावा, किमान आठवडाभर पाणी मारावे आणि टाइल चिकटविण्यापूर्वी त्याला सुमारे चार आठवडे वाळू द्यावे. दिल्लीच्या मे-जूनमधील कोरड्या, तापलेल्या वाऱ्यात पाणी मारण्यात एका दिवसाचा खंड पडला तरी गिलावा भाजल्यासारखा होऊन भुरभुरतो. हे काम शक्यतो त्या दिवसांत काढू नये.

राडारोड्याचा अंदाज मात्र काम सुरू करण्यापूर्वीच बांधलेला बरा. दीड मीटर रुंद, २.४ मीटर लांब अशा न्हाणीघरात २.१ मीटर उंचीपर्यंतचा गिलावा, दाराची जागा वगळता, सुमारे १५ चौरस मीटर भरतो. दीड सेंटिमीटर जाडी धरल्यास त्याचे वजन साडेचारशे किलोग्रॅमच्या आसपास होते. वर जुन्या टाइल व त्यांचा माल असेल, तर ते एक टनाच्या जवळ जाते. तीस-पस्तीस किलोच्या गोण्या भरल्या, तर त्या तीसपर्यंत होतात आणि चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या सदनिकेत त्या कोणीतरी पाठीवरून खाली नेतो. मजुरी ठरविताना हा जिना हिशेबात धरला जात नाही, आणि काम अर्धवट टाकून मजूर गेल्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ या जिन्यात असते. दिल्लीत ज्याला मलबा म्हणतात, तो हा राडारोडा पूर्वी सरसकट नाल्याकाठी किंवा यमुनेच्या पात्रालगत ओतला जाई. २००९ मध्ये बुराडी येथे बांधकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारा देशातील पहिला कारखाना सुरू झाला. तेथे विटा, गिलावा व काँक्रीट दळून त्यांपासून फरसबंदीचे ठोकळे व पदपथाच्या कडेचे दगड बनविले जातात. पीओपीचे तुकडे त्यात मिसळले, तर भिंतीत त्यांनी जे केले तेच ते नव्या ठोकळ्यातही करतात. यास्तव त्यांची गोणी पहिल्यापासून वेगळी बांधावी.